कॅलेंडरमागची अक्षरं : शिक्रापूर, शिरूर, दौंड

लोक हिवाळ्यात गड चढतात, हुरडा खायला जातात, अगदीच काही नाही तर रांजणगावच्या गणपतीचं दर्शन घेऊन येतात. मी पाट्या वाचायला जाते. पोटापाण्यासाठी पुण्यातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासते आणि दोन दिवस सुट्टी मिळाली की स्कूटर काढून वेगवेगळ्या लिप्या हुडकत फिरते. "त्यासाठी शिरूर-दौंड?" नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवून विचारलं. "लोक त्यासाठी इजिप्तला जातात." मी म्हटलं, इजिप्तला विमानाचं भाडं पडतं, आणि तिथली जुनी अक्षरं आता भिंतीवरच राहिलीत. नगर रस्त्यावर अर्धा देश कामाला आलाय आणि येताना ज्याने त्याने आपापली अक्षरं सोबत आणलीत. ती बघायला पेट्रोल आणि पाठीला पट्टा एवढंच लागतं. त्याने पट्टा शोधून दिला. संसार असा चालतो.

स्कूटरवर जाणार असाल तर सकाळी साडेसहाच्या आत वाघोली ओलांडा. सात वाजले की कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रेलर आणि शाळेच्या व्हॅन यांच्यात तुमचं सँडविच होतं. मी सहालाच निघाले होते, त्यामुळे कोरेगाव भीमापर्यंत निवांत होते आणि पुढच्या ट्रकांची पाठ वाचत चालले होते. पंजाबच्या ट्रकवर गुरुमुखी, तमिळनाडूच्या ट्रकवर तमिळ. गुरुमुखी आपल्यासारखीच डोक्यावर रेघ घेऊन चालते. तमिळ अक्षरांना रेघबीघ काही नाही, मोकळी, ऐसपैस. ट्रकच्या फार जवळ जाऊन वाचू नका, मी एकदा गेले आणि ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली.

सणसवाडीच्या पुढे एका खानावळीवर कोरियन पाटी दिसली. आजूबाजूच्या कारखान्यांत तिकडचे साहेब असतात. कोरियन लिहिण्याची मजा अशी की एका उच्चाराची सगळी अक्षरं एकाच चौकोनात रचून बसवतात, डब्याच्या कप्प्यात भाजी, पोळी, लोणचं बसवावं तशी. पाटीखाली मराठीत लिहिलं होतं, 'घरगुती जेवण, शाकाहारी, मांसाहारी'. मी मालकाला विचारलं, वर काय लिहिलंय? "मला काय म्हाईत?" तो म्हणाला. "त्येंच्यातल्याच एका सायबानी लिहून दिलंय. लोक येत्यात जेवायला, म्हंजी बरंच लिवलं आसंल." मी त्या पाटीचे चार फोटो काढले आणि मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

इथे थोडी फुशारकी मारून घेते, कारण पुढे ती उतरणार आहे. मला चांगल्या वीस-बावीस लिप्या नुसत्या बघून ओळखता येतात. वाचता येतात पाच. कुणी कागदाचा चिटोरा पुढे केला की दोन सेकंदांत मी सांगते, ही मल्याळम, ही सिंहली, ही गुजराती. छापखान्यात माझा त्याबद्दल दरारा आहे. मला तो आवडतोही.

शिक्रापूरला चौकात मिसळ खाल्ली. तिखट झणझणीत, रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर तोंड वाकडं करत नाहीत. मग चाकणकडे जाणारा रस्ता सोडून मागच्या गल्ल्यांत शिरले. हा भाग पंधरा वर्षांपूर्वी शेत होता असं सांगितलं तर पटणार नाही. जिकडे तिकडे पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्यांच्या रांगा, दारात चपला, दोरीवर कंपन्यांचे निळे शर्ट. अशाच एका चाळीच्या पाण्याच्या टाकीवर मला घबाड सापडलं. वर तैलरंगात मराठी सूचना : 'पाणी सकाळी ६ ते ७. नळ बंद करणे.' त्याखाली कुणीतरी खडूने तीच सूचना हिंदीत, त्याखाली बंगालीत, त्याखाली तेलुगूत उतरवलेली. मी मोबाइल काढला.

"काय वं बाई, फोटो कशापायी काढताय? मोजनीवाल्या हाय का तुम्ही?"

मागे साठीच्या एक बाई उभ्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण, हातात शेणाची पाटी. ही हौसाबाई. चाळ तिचीच. तिला सगळे भाडेकरू मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. मी मोजणीवाली नाही, नुसती अक्षरं बघत फिरते, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. पण एकदा पटल्यावर चहा आला. तिच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने वाटेवर. मग जमीन आली, मग जमिनीला भाव आला, मग खोल्या. "आदी मेंढरं राखली, आता भाडेकरू राखतो," ती म्हणाली. "मेंढरं बरी. त्येंना वायफाय लागत न्हवतं."

मी टाकीकडे बघून सहज विचारलं, "मावशी, सगळे आहेत, मग ओडिया कुणी कसं नाही? या पट्ट्यात ओडिशाची माणसं तर पुष्कळ."

हौसाबाई कपबशी उचलून आत गेली, पुन्हा बाहेर आली. "ओरिसावाले न्हाई ठेवत म्या," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत : "तुमाला त्येंचं लिवल्यालं वळखतं?"

"ओळखतं की."

"आन् तुम्ही हितल्या न्हाई. कुनाला वळखत बी न्हाई."

"नाही."

"मंग या."

तिने मला सात नंबरच्या खोलीत नेलं. खोली रिकामी होती, कोपऱ्यात फरश्यांची खोकी रचलेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर भिंतीला एक जुनं कॅलेंडर. हौसाबाईने दार लावून घेतलं आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागे भिंतीवर निळ्या स्केचपेनने आठ-नऊ ओळी लिहिलेल्या होत्या. गोल गोल डोक्यांची अक्षरं, प्रत्येकावर छत्री धरल्यासारखी. ताडपत्रावर आडवी रेघ मारली तर पान फाटतं, म्हणून तिकडच्या माणसांनी रेघ वळवून गोल केली असं सांगतात. मी दोन सेकंदांतच म्हटलं, "ओडिया."

"त्ये मला बी म्हाईत हाय," हौसाबाई म्हणाली. "काय लिवलंय त्ये सांगा."

तिची हकिगत अशी. या खोलीत चार वर्षं सस्मिता नावाची बाई नवऱ्यासोबत राहत होती. नवरा कारखान्यात, ही दिवसभर हौसाबाईच्या मागे मागे. म्हशीची धार काढायला शिकली, भाकरी शिकली, बोलायलाही शिकली. आई लहानपणीच गेलेली. दिवस राहिले तेव्हा हौसाबाई म्हणाली, तुझं बाळंतपण म्या करते, हेच तुझं माहेर. लाडूसुद्धा केले. आणि सस्मिताच्या आठव्या महिन्यात हौसाबाईची स्वतःची लेक मंगल पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. घर एवढंसं. सून कुरकुरायला लागली. सात नंबरची खोली मंगलला हवी झाली. सस्मिता म्हणाली, मावशी, तुम्ही बोलला होता. त्यावर हौसाबाईच्या तोंडून निघून गेलं, "तुला आई न्हाई त्याला म्या काय करू?"

दोन दिवसांनी पहाटे ती दोघं निघून गेली. हौसाबाई उठली तेव्हा खोली झाडलेली होती, लाडवांचा डबा फळीवर तसाच, आणि भिंतीवर हे.

"डबा टाकून गेली म्हंजी माझं अन्न बी नको म्हनली," हौसाबाई म्हणाली. "पोटुशी बाई रडत गेली. तिचा तळतळाट... मंगलचं लेकरू आठ दिसच राह्यलं, बाई. आठ दिस." ती कॅलेंडरची सुरळी करत होती, सोडत होती. "आता मंगलला पुन्हा सातवा हाय. म्हयन्याभरात येईल. तिच्यापायी या भितीला फरशी लावून घ्यायची हाय, मिस्त्री परवा येनार. पन म्हनलं, शाप लिवला आसंल आन् त्येच्याव फरशी लावली तर त्यो आतच ऱ्हायला की. आन् पुसायचा तरी कसा, काय हाय म्हाईत नसताना?"

म्हणून तीन वर्षं कॅलेंडर, आणि म्हणूनच तीन वर्षं ओडियावाल्यांना खोली नाही. त्यांच्यातल्या कुणी वाचलं असतं तर सगळ्या चाळीत बोभाटा झाला असता. फोन लावून पाहिला होता, नंबर केव्हाच बंद पडलेला. गाव माहीत नाही, तिकडे बाळ झालं का, जगलं का, काहीच माहीत नाही.

ओडिया माझ्या त्या वाचता येणाऱ्या पाच लिप्यांत नाही, पण मी मदतीला आलेली जाणकार होते ना! "दोन मिनिटं थांबा," म्हणत मी फोटो काढला आणि भुवनेश्वरच्या माझ्या मित्राला पाठवला. बिजय छपाईची अक्षरं बनवतो, ओडिया त्याच्या बोटांत आहे. त्याचा निरोप लगेच आला. पहिला शब्द 'माउसी', म्हणजे मावशी. बाकी काही ओडिया नाही. अक्षरं आमची, भाषा दुसरीच. आमच्याकडे कितीतरी आदिवासी भाषा ओडिया अक्षरांत लिहितात, त्यातली एखादी असेल.

हे मला इतकं पटलं! लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे तर मी स्वतः दहा जणांना समजावलेलं. मी हौसाबाईला अगदी ठासून सांगितलं, "मावशी, ही तिच्याकडची कुठलीतरी रानातली भाषा आहे. इथे कुणालाच कळायची नाही. त्यात काही अर्थ शोधू नका. खुशाल फरशी लावा."

"म्हंजी शाप न्हाई?"

"ते नाही सांगता येणार."

"मंग खुशाल कसं म्हनता?" हौसाबाई म्हणाली आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं. मला दारापर्यंत सोडलं आणि गोठ्याकडे वळली.

दुपारी शिरूर. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, एसटीच्या पाटीवर दोन्ही नावं. बाजार समितीसमोर पोत्यांवर रंगाने लिहिलेल्या व्यापाऱ्यांच्या खुणा बघितल्या : कुठे एक अक्षर, कुठे नुसता त्रिकोण आणि दोन टिंबं. ज्याला वाचता येत नाही त्या हमालालाही पोतं कुणाचं ते कळतं. एरवी मी यावर इथे तीन परिच्छेद लिहिले असते. स्टँडजवळच्या लॉजवर आठशेत स्वच्छ खोली मिळाली, गरम पाणी सकाळी सात ते नऊ, शेव-भाजी आणि बाजरीची भाकरी समोरच्या खानावळीत. भाकरी बघून सस्मिता आठवली. खरं सांगायचं तर जेवण गेलं नाही. मी त्या बाईच्या हातात एक 'नाही सांगता येणार' ठेवून निघून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. शिरूर-दौंड करायचं तर हाच रस्ता धरा : न्हावरा, भीमेवरचा पूल, पारगाव, चौफुला, पाटस, दौंड. डांबर बरं आहे, पण उसाचे दिवस असले तर ट्रॉल्यांपासून जपून. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर आख्खा रस्ता घेतो आणि ड्रायव्हर गाण्यात दंग असतो. पारगावहून राहूच्या बाजूला थोडं आत गेलं की गुऱ्हाळं लागतात. एका गुऱ्हाळावर ताजा गूळ घेतला. ढेपा बांधणारे कारागीर उत्तर प्रदेशचे, आणि ढेपेच्या खोक्यावर छापलेली पाटी चार भाषांत. मालक म्हणाला, "गूळ कुटं बी जातुया, पाटीनं बी जायला पाहिजे." मी हसले, फोटो काढला, पण मन शिक्रापुरातच होतं.

दौंडला साडेअकराला पोहोचले. दौंड हे रेल्वेचं गाव. स्टेशनवर जाऊन आधी पिवळ्या पाटीसमोर उभी राहिले, कारण मला ती पाटी फार आवडते. वर 'दौंड', खाली पुन्हा 'दौंड', मग इंग्रजी. एक मराठी, एक हिंदी. दोन भाषा, पण अक्षरं तीच. एकीची अक्षरं दुसरीनेही वापरावीत यात काहीच विशेष नाही, हे त्या पाटीखाली उभं राहून मी शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगितलं. तो बिचारा गाडीची वाट बघत होता. मी मात्र त्या क्षणीही ठोंब्यासारखी नुसतीच बोलत होते.

स्टेशनजवळच्या एका भजी-वडापावच्या हॉटेलात बसले. मालक सत्तरीचे, त्यांना सगळे आप्पा म्हणत होते. ते भट्टीकडे तोंड करून कांदाभजी तळत होते. मोरीचा नळ दुरुस्त करायला एक प्लंबर आला होता, चाळिशीचा, त्याचं नाव नारायण. हिंदी ऐकून मी गाव विचारलं. केंद्रापाडा, ओडिशा. तिकडचे प्लंबर देशभर प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. मला वाटलं, निदान ही आदिवासी भाषा कुठली, एवढं तरी याला विचारावं. इथे हौसाबाईला कोण ओळखतंय! मी मोबाइलवर फोटो मोठा करून त्याच्यापुढे धरला.

त्याने हात पुसले, पहिली ओळ मनातल्या मनात वाचली आणि मान हलवली. "अक्षर अपना है, मैडम. भाषा समझ में नहीं आ रहा."

"ज़ोर से पढ़िए ना," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. बहुधा ध्वनीवरून भाषा ओळखण्याची खुमखुमी.

तो शाळेतल्या मुलासारखा एकेक अक्षर लावत वाचायला लागला. "माउसी... म्या... चालोले..."

"कुटं चालली म्हनं?" आप्पांनी विचारलं. भट्टीकडे तोंड करूनच.

मी आप्पांकडे बघितलं. नारायणने आप्पांकडे बघितलं. आप्पा झारा आपटत होते.

"आप्पा, तुम्हाला कळलं?"

"न कळायला काय झालं? मराठीतच बोलतोय की त्यो. मावशी, म्या चालले. जरा बोबडं बोलतोय एवढंच."

माझ्या हातातला पाव बशीत पडला. मी ती ओळ पुन्हा नारायणला वाचायला सांगितली आणि या वेळी मोबाइलकडे न बघता नुसती ऐकली. मराठीच होतं! आपल्या इथलं, शिक्रापूरचं मराठी. सस्मिता चार वर्षं हौसाबाईकडून बोलायला शिकली होती, लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. हौसाबाईची भाषा तिला येत होती, अक्षरं तिला फक्त आपली येत होती. तिने जे होतं त्यात लिहिलं. बिजयने अक्षरं बघितली, मी अक्षरं बघितली, पण त्याला ते मोठ्याने वाचावंसं वाटलं नाही, मला त्याच्याकडून वाचून घ्यावंसं वाटलं नाही. ज्या माणसाने अक्षरं बघितलीच नाहीत, त्याला पहिल्या ओळीत कळलं. एवढी लाज मला प्रुफात चूक राहिल्यावरही वाटली नव्हती.

नारायणने नळ तसाच ठेवून सगळं वाचून दाखवलं. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. आप्पांनी भट्टी मंद केली आणि झारा हातात धरून शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी त्यांनी भज्यांचे पैसे घेतले नाहीत, नारायणला उलट चहा पाजला, आणि मला म्हणाले, "बाई, हितं काय बसलाय? जावा की!"

दौंडात बघायचं बरंच राहिलं. रेल्वेची जुनी वसाहत, दुकानांच्या उर्दू पाट्या, सगळं राहिलं. तुम्ही बघा. मी चौफुला, पारगाव, न्हावरा, तळेगाव ढमढेरे करत चार वाजता शिक्रापुरात होते. वाटेत एकदाच थांबले, पेट्रोलला.

हौसाबाई गोठ्यात होती. मला बघून तिचा चेहरा उतरला. वाईट बातमी असल्याखेरीज कोण परत येतं? मी आधी हात जोडले. "मावशी, काल मी चुकीचं सांगितलं. ते रानातल्या भाषेत नाही. ते तुमच्या भाषेत आहे." तिला कळेना. मी सात नंबरमध्ये चला म्हटलं. दार तिनेच लावलं. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

"माउसी, म्या चालोले. तुम्ही बोलोला त्ये लोय लागोलं."

हौसाबाईने ओट्याची कड धरली. "आशीच बोलायची," ती म्हणाली. "लोय म्हनायची. लय म्हन म्हनलं तरी लोयच." आवाज एका पुरुषाचा, केंद्रापाड्याच्या प्लंबरचा. पण उच्चार सस्मिताचे. त्या खोलीत ती तीन वर्षांनी बोलत होती.

पुढचं इथे सरळ लिहिते. हौसाबाईने लिहायला परवानगी दिली आहे. "राग हाय, पर गाडीत बसूस्तवर. लाडू फळीवर हायत. म्या दोन खाल्ले. दोन दिसाची गाडी हाय, वाटंत खराब हुतील. मंगलताईला द्या, तिची पैली येळ हाय. म्हशीची धार हळू काढा, ती बिचकती. भाकर जमती का न्हाई त्ये तिकडं गेल्याव कळंल."

हौसाबाईने ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावायला निघाले तर तिने माझा हात धरला. "लाडू म्या म्हशीला घातले," ती म्हणाली. "ती टाकून गेली म्हनून. रागारागानी. म्हशीला!" आणि ती हसायला लागली, हसता हसता पदर तोंडावर घेतला आणि मग किती तरी वेळ रडली. मीही रडले. तळतळाट नव्हताच. होतं ते तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं, एवढंच, आणि ज्यांना ते वाचून दाखवता आलं असतं असे किमान शंभर जण त्याच गल्लीत राहत होते.

मला वाटलं, आता ती म्हणेल की एवढी भिंत तशीच ठेवा, फरशी बाजूने लावा. मी ते सुचवलंसुद्धा. हौसाबाईने डोळे पुसले आणि मी खुळी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "बाळंतिणीच्या खोलीत वली भित ठेवू? फरशी लागनारच. तिनं सांगायचं त्ये सांगितलं, म्या ऐकलं. आता उत्तर धाडाय पाहिजे का नको?"

"पत्ता कुठाय, मावशी?"

"न्हाई. म्हनूनच भाईर लिवायचं. रस्त्याकडच्या भितीला. मोठं. तिच्या अक्षरात, माझ्या बोलीत. तिनं जसं लिवलं तसं." जे लिहिलेलं कुणी वाचू नये म्हणून तीन वर्षं झाकलं, त्याचं उत्तर हौसाबाईला आता रस्त्यावर हवं होतं. "त्येंची मान्सं हितनंच ये-जा करत्यात. कोन ना कोन तिच्या गावचा आसंल."

तिने सांगितलं, मी देवनागरीत उतरवून घेतलं, बिजयने ते ओडिया अक्षरांत करून पाठवलं. "याचा अर्थ काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मोठ्याने वाच. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला; तो एकेक ओळ वाचत गेला आणि मी अर्थ सांगत गेले. दोन रविवारांनी मी काळा तैलरंग आणि दोन ब्रश घेऊन पुन्हा शिक्रापूरला गेले. फरशी लागली होती, मंगल आली होती, पाय सोडून उन्हात बसली होती. मी एका अक्षराची शेपूट उलटी काढली, तर रस्त्याने जाणाऱ्या एका कामगाराने थांबून ब्रश माझ्या हातातून घेतला आणि नीट करून दिली. भिंतीवर आता असं आहे : सस्मिता, तुझं पत्र पोचलं. उशीर झाला. लाडू मंगलला दिले न्हाईत, म्या चुकले. लेकराला घेऊन ये. खोली हाय. खाली हौसाबाईचा फोन नंबर.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, किती लिप्या सापडल्या? मी म्हटलं, मोजल्या नाहीत. अक्षरं ओळखण्याचा माझा दरारा छापखान्यात अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. पण एका रात्रीपुरती एक बाई माझ्या 'खुशाल लावा'वर झोपली असेल, किंवा झोपली नसेल, हे मी विसरलेले नाही. आता कुणी चिटोरा पुढे केला तर लिपीचं नाव सांगायच्या आधी मी म्हणते, वाचता येणारं कुणी आहे का, त्याला मोठ्याने वाचायला सांगा.

परवा हौसाबाईचा फोन आला होता. चार नंबरची खोली तिने ओडिशाच्या एका जोडप्याला दिली. सस्मिताचा अजून पत्ता नाही. "पन रोज कोन ना कोन थांबून वाचतंय," ती म्हणाली. "त्येंना काय वाचतो त्ये कळत न्हाई. मला कळतं."

शिक्रापूरला मिसळ खायला गेलात आणि सोबत ओडिया वाचणारं कुणी असलं, तर चौकामागच्या गल्लीत पाण्याच्या टाकीशेजारची ती भिंत शोधा. त्याला भिंतीसमोर उभं करा आणि खणखणीत आवाजात वाचायला सांगा. गोठा भिंतीला लागूनच आहे. आत ऐकू जातं.